व्हीलचेअरवरील प्रवाशांस हिताच्या चार गोष्टी

इंदूरात व्हीलचेअरवरून सिटी बसने जाण्याचा आपला मनोदय असेल, तर सर्वप्रथम दोन धडधाकट भाचे हाताशी ठेवावेत. बसथांब्यापासून वाहनापर्यंतच्या सोयी आपल्याला वापरता येतील अशा असाव्यात, असे दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ याचे कलम ४१ सांगते खरे. परंतु भाच्यांच्या दंडांइतका जोर त्या कलमात अद्याप आलेला नाही.

थांब्यावर चढण्यास उतार नसतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियमानुसार १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी लागते. जागेच्या टंचाईमुळे ती तीन-चार फुटांतच आटोपलेली दिसली, तर ती घसरगुंडी समजून आनंद घ्यावा. उताराच्या तोंडाशी मोटरसायकली अडवण्यासाठी लोखंडी खांब रोवलेले आढळतील. मोटरसायकल त्यांतून तिरकी होऊन निघून जाते आणि खुर्चीला तिरके होता येत नाही, यात खांबांचा काय दोष? दृष्टिहीन बांधवांनी पिवळ्या खडबडीत फरश्यांचा माग काढीत निर्धास्त चालावे. त्या त्यांना विजेच्या खांबाशी किंवा पोह्यांच्या गाडीशी नेऊन पोहोचवतील. पोहे उत्तम असल्याने तक्रारीस जागा उरत नाही.

बस आल्यावर आतला घडीचा रॅम्प उघडण्याचा हट्ट धरू नये, कारण त्यावर कोणाची तरी गव्हाची गोणी विसावलेली असते. वाहक आपुलकीने सांगेल, ‘बाबूजी, पीछे दूसरी आ रही है।’ ते खोटे नसते. दुसरी खरोखरच येते, आणि तिचा वाहकही तेच सांगतो.

आय-बसच्या, म्हणजे केवळ बससाठी राखलेल्या मार्गिकेवरून धावणाऱ्या बसच्या, आठवणीने उसासे टाकण्याची सवय मात्र आता सोडावी. आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या मार्गावर २०१३ पासून फलाट आणि बसचा तळ जवळपास एका पातळीवर असे, त्यामुळे भाच्यांना घरी बसावे लागे. (रस्त्याच्या मधोमध असलेल्या त्या स्थानकापर्यंत जिवंत पोहोचणे, हा विषय निराळा.) पुढे हा मार्ग ठेवावा की उखडावा यावर वाद रंगला, तेव्हा मोटारींच्या कोंडीचा हिशेब तावातावाने मांडला गेला; त्या पातळीचे मोल करण्याइतकी फुरसत कोणाला असणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मार्ग काढण्यास अनुमती दिली. त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली होती, हा योगायोग पाहून आपण भावुक होऊ नये.

तरीही सन्मानाने प्रवास करायचाच असेल, तर मेट्रो आहे. ३१ मे २०२५ रोजी गांधीनगरपासून शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर सुरू झालेल्या तिच्या पहिल्या पाच स्थानकांत लिफ्ट आहे. राजवाड्यावरचे दुकान, टिळकनगरातील मावशी आणि आपले डॉक्टर यांनी सुपर कॉरिडॉरवर स्थलांतर करावे, असा अर्ज आपण करून पाहावा. अर्ज स्वीकारण्याची खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे. भाच्यांना सोबत न्यावे.