मथळ्यात 'चोर', चौथ्या ओळीत 'कथित'

सकाळपासून गावातल्या बातम्यांच्या पेजवरची एक बातमी सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. "मोबाइल चोर अखेर गजाआड". खाली विशीतल्या पोराचा फोटो, चेहरा उघडा. गुन्हा दाखल झालाय काल संध्याकाळी. चौथ्या ओळीत 'कथित चोरी' असं लिहिलंय, म्हणजे आपण सुटलो! मथळ्यात चोर ठरवून टाकल्यावर त्या 'कथित'ला काय अर्थ उरला?

बरं, शब्दही चुकीच्या जागी. दुकानातून मोबाइल गेलाय, यावर कुणाचाच वाद नाही. मग चोरी 'कथित' कशी? मुळात चोरी झाली का, यावरच वाद असेल तर 'कथित चोरी' म्हणा. इथे चोरी झालीय, कुणी केली ते ठरायचंय. म्हणून 'चोरीच्या संशयावरून तरुणाला अटक' एवढंच. 'कथित आरोपी' हाही रोजचाच घोळ. आरोप झालाय हे पक्कं आहे, तेव्हा माणूस आरोपी आहेच; तो आरोप खरा की खोटा, हे ठरायचं असतं. आणि 'कथित'च्या जागी 'तथाकथित' वापरू नका. त्यात हेटाळणी आहे, 'तथाकथित समाजसेवक' म्हणजे तुमच्या मते तो समाजसेवक नाहीच.

सगळ्यात संताप येतो तो "पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली दिली" या वाक्याचा. आजच्या बातमीतही आहेच ते. अहो, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं, 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23 तेच सांगतं. आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला जबाबाचा तेवढाच भाग चालतो. जी कबुली न्यायालय ऐकूनही घेणार नाही, ती तुम्ही खाक्याचं कौतुक करत छापता?

मान्य, मथळ्याला जागा कमी असते, आणि दर ओळीत 'कथित' आलं की वाचवत नाही. बलात्काराच्या बातमीत तर तो शब्द तक्रारदार बाईलाच खोटं पाडल्यासारखा टोचतो. म्हणूनच कोण म्हणतंय ते लिहा. 'फिर्यादीत म्हटले आहे', 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार', 'दोषारोपपत्रात नमूद आहे'. फिर्याद ही एका बाजूची तक्रार, दोषारोपपत्र हा पोलिसांच्या तपासाचा निष्कर्ष. 'दोषी' हा शब्द न्यायालयाने तसा निकाल दिल्यावरच. आणि नुसतं 'कथित' चिकटवलं म्हणून अब्रुनुकसानीच्या दाव्यातून सुटका होते, या भ्रमात कुणी राहू नये.

इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 साली हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. 1996 मध्ये सीबीआयने आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 50 लाखांची भरपाई द्यायला सांगितली ती 2018 मध्ये. चोवीस वर्षं! एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर मोबाइलच्या गुन्ह्यातल्या पोरामागे कोण उभं राहणार?

पेज चालवणाऱ्या मित्रांनो, तुम्ही मेहनत करता, गावातलं पहिलं तुमच्याकडूनच कळतं. एवढं कराच. आज फोटो काढून टाका, मथळा बदला, गुन्ह्याचा नंबर लिहून ठेवा. निकाल लागला की जुन्या पोस्टच्या अगदी वर तारखेसह तो टाका. मुलगा सुटला, तर ती बातमीही तेवढ्याच मोठ्या टायपात द्या.