मुद्देमालाची खोली रिकामी करा

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची ९ वर्षं एका तालुक्याच्या ठाण्यात मुद्देमाल कारकून, म्हणजे गुन्ह्यांत जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारा, होतो. त्या टेबलावर आलो ते मणक्याच्या दुखण्यामुळं. बंदोबस्त झेपेना, रात्रपाळी झेपेना, तेव्हा साहेबांनी खोलीची किल्ली हातात दिली. बहुतेक ठिकाणी हे असंच चालतं. जो दुसरीकडं उपयोगाचा नाही, तो मुद्देमालाला. तपास कितीही चांगला झाला तरी कोर्टात खटला त्या खोलीतल्या वस्तूंवर उभा राहतो, आणि त्या खोलीची आपण अडगळ करून ठेवलीय. आज त्याबद्दलच लिहायचंय.

आमची खोली जिन्याखाली होती. एकच खिडकी, तीही कायम बंद. लोखंडी मांडण्या, दोन पत्र्याच्या पेट्या, एक कपाट. कोयते, काठ्या, गावठी कट्टे, हातभट्टीच्या सॅम्पलच्या बाटल्या, जुगाराच्या अड्ड्यावरच्या चटया आणि पत्ते, चोरीचे पाण्याचे पंप, केबलची वेटोळी, मोबाईल, आणि गाठोड्यात बांधलेले कपडे. प्रत्येक वस्तूला लेबल: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम, पंचांच्या सह्या, तपासी अंमलदाराची सही, वर लाखेचं सील. लेबल खळीनं चिकटवलेलं असलं की उंदीर वस्तू सोडून आधी लेबल खातो. लेबल गेलं की कोयता नुसता कोयता उरतो. कोणत्या गुन्ह्यातला, कुणी कुठून काढून दिला, काही सांगता येत नाही. पहिल्याच महिन्यात मी अशा १७ वस्तू बाजूला काढल्या. रजिस्टर, पंचनामे, स्टेशन डायरी पुढ्यात घेऊन रोज संध्याकाळी एकेकीचं मूळ शोधत बसायचो. ११ लागल्या. ६ शेवटपर्यंत लागल्या नाहीत, आणि त्या मला अजून आठवतात.

सगळ्यात जीव टांगणीला लावणारा मुद्देमाल म्हणजे सोनं. पंचनाम्यात आम्ही ‘सोन्याचे मंगळसूत्र’ असं लिहीत नाही. ‘पिवळ्या धातूचे, सोन्यासारखे दिसणारे’ असं लिहितो. त्यामागचं कारण बरोबर आहे, पोलीस काही सोनार नव्हे. पण त्याच शब्दांत मोठं भोक आहे. सोनार बोलावून कस लावला नाही, वजन लिहिलं नाही, फोटो काढला नाही, तर उद्या पाकिटातून पितळ निघालं तरी ते पंचनाम्याशी जुळतंच! सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सुप्रीम कोर्टाचा २००२ सालचा निकाल ज्या प्रकरणातून आला, त्यात ठाण्यातला किमती मुद्देमाल बदलल्याचा आणि रकमेचा अपहार केल्याचा आरोप पोलिसांवरच होता. कोर्टानं तेव्हा स्पष्ट सांगितलं, की सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू मालकाला देऊन टाका. ठाण्यात ठेवायची तर फार तर १५ दिवस ते १ महिना. त्याच्याही आधी, १९७७ साली, कर्नाटकातल्या एका बाईंचे दागिने पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाल्यावर त्यांची किंमत सरकारनं भरून द्यावी, असं याच कोर्टानं ठरवलं होतं. म्हणजे कायदा कधीचा स्पष्ट आहे.

आमच्याकडं एक आजी यायच्या. घरफोडीत त्यांची बोरमाळ आणि पाटल्या गेल्या होत्या. चोर सापडला, माल मिळाला, आणि आमच्या कपाटात बसला. आजी दर बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन ठाण्यात यायच्या. “बाबा, नुसती बघू दे.” आता सीलबंद पाकीट असं उघडता येत नाही. मी रजिस्टरला नोंद दाखवायचो, पाकीट समोर धरायचो. त्या लाखेवरून बोट फिरवायच्या, आत हाताला काही लागतंय का बघायच्या आणि निघून जायच्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की कोर्टात अर्ज करावा लागतो. अर्ज झाला तर कोर्टानं पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला, तो तपासी अंमलदाराच्या बदलीत अडकला. नवीन साहेबांना गुन्हा माहीत नाही, जुन्या साहेबांना वेळ नाही. शेवटी माल परत गेला, पण ज्या नातीच्या लग्नासाठी हवा होता तिचा मुलगा तेव्हा अंगणवाडीत जायला लागला होता. सही करण्याआधी आजींनी आपल्या सोनाराकडून वजन करून घेतलं. गुंजेचाही फरक नव्हता. त्या दिवशी मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४९७ मध्ये मालमत्ता कोर्टापुढं आल्यापासून १४ दिवसांत वर्णनाची यादी करायची, फोटो आणि गरज पडली तर व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिची विल्हेवाट, जप्ती किंवा परतीचा आदेश द्यायचा असं आहे. ती यादी आणि ते फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतात. मग चोरीची मोटारसायकल ठाण्याच्या आवारात कशाला सडवायची? टायर बसतात, बॅटरी जाते, सीटमधून गवत उगवतं, आणि मालक तिकडं हप्ते भरत असतो. मला याचा खरोखर राग येतो.

आणखी एक गोष्ट बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही. निकालपत्राच्या शेवटी एक ओळ असते: मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा. ही ओळ मुद्देमाल कारकुनापर्यंत आपोआप येत नाही. ती फाईलमध्ये राहते आणि चटया, काठ्या, बाटल्या खोलीत. मी महिन्यातून दोन दिवस कोर्टात जाऊन निकाली केसेसचे आदेश उतरवून आणायला लागलो. सुरुवातीला सहकारी म्हणाले, “दादा, कशाला नसती कामं अंगावर घेता?” पण दीड वर्षात दोन मांडण्या मोकळ्या झाल्या.

मोकळी जागा हवी ती कशासाठी? तर रक्ताच्या कपड्यांसाठी. ओला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की आठवड्यात बुरशी धरतो, आणि मग प्रयोगशाळा काय सांगणार? कपडा सावलीत, वाऱ्यावर, स्वच्छ कागदावर वाळवायचा, प्रत्येक नग वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा, मग सील. एवढी साधी गोष्ट. पण वाळवायला जागाच नसेल तर अंमलदार तरी काय करील? आम्ही एका पावसाळ्यात लॉकअपच्या मागच्या व्हरांड्यात दोरी बांधून, खाली कागद अंथरून, पहाऱ्याला माणूस बसवून खुनातले कपडे वाळवले. तो माणूस रात्रभर जागा होता. कोर्टात त्याचीही साक्ष झाली.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूतल्या एका दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला सोडलं. डीएनएचे नमुने कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले, हे नीट शाबीत झालं नव्हतं. त्याच निकालात देशभरासाठी निर्देश आहेत: नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, सील कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडू नका, आणि घेतल्या क्षणापासून शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत ताब्याची नोंदवही ठेवा. तो माणूस निर्दोष असेल तर इतकी वर्षं फाशीच्या छायेत काढली. दोषी असेल तर मेलेल्या दोघांना न्याय नाही. दोन्हीकडून विचार केला तरी झोप उडते. आमच्याकडं नमुने मुंबईला कलिन्याच्या प्रयोगशाळेत न्यायचे तर एक हवालदार एसटीनं, मांडीवर डबा धरून जायचा. उलटतपासात त्याला पहिला प्रश्न हाच, की सील शाबूत होतं का आणि रात्री डबा कुठं होता.

अमली पदार्थांचं तर विचारूच नका. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्यासाठी वेगळी कोठारं, तिजोऱ्या आणि दुहेरी कुलपं करायला सांगितली. २०२२ साली मथुरेत पोलिसांनी ५०० किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ल्याचं कोर्टाला सांगितलं. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण उंदीर खाओ की माणूस, खटला जातो तो जातोच. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरजवळच्या नौगाम ठाण्यात जप्त केलेल्या स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट होऊन ९ जण गेले. त्यांत पोलीस होते, प्रयोगशाळेची माणसं होती. मुद्देमाल सांभाळणं हे बसून करायचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या ९ घरांचा विचार करावा.

माझं मागणं साधं आहे. मुद्देमालाला शिकलेला, धडधाकट माणूस द्या, त्याला प्रशिक्षण द्या आणि वर्षाला हलवू नका. हलवायचाच असेल तर चार्ज नीट द्यायला वेळ द्या. माझ्या हाती चार्ज आला तो एका दुपारी, ‘सर्व बरोबर मिळाले’ या एका सहीवर. मी दिला तेव्हा ११ दिवस लागले. नवीन पोरगा नंबर वाचायचा, मी वस्तू हातात घेऊन दाखवायचो, दोघं सही करायचो. साहेब दोनदा विचारून गेले, अजून किती दिवस? तरी आम्ही थांबलो नाही.

आणि ज्यांची वस्तू ठाण्यात पडून आहे त्यांच्यासाठी: नुसते ठाण्यात हेलपाटे घालू नका. एफआयआरची प्रत, खरेदीची पावती, गाडी असेल तर आरसी, दागिना असेल तर तो अंगावर असलेला एखादा जुना फोटो, एवढं घेऊन वकिलामार्फत मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. पोलिसांचा ‘से’ कुठवर आलाय ते तपासी अंमलदाराला स्वतः भेटून विचारा. तो बदलून गेला असेल तर सध्या गुन्हा कुणाकडं आहे, ते लेखी मागा. वस्तू हातात पडली की सील आधी नीट बघा, दागिना तिथंच पंचांसमोर तोलून घ्या, आणि मगच सही करा.