पुढच्या लग्नाच्या ॲडव्हान्सवर मागच्या लग्नाचा अल्बम

लग्नाची फोटोग्राफी करणारी छोटी फर्म कशामुळे बंद पडते, असं कुणी विचारलं तर मी कॅमेऱ्याचं नाव घेणार नाही. फोटो वाईट निघतात म्हणून धंदा गुंडाळलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही. उलट ज्यांचं काम बघून आम्ही गप्प बसायचो, अशी माणसं हे क्षेत्र सोडून गेली. तारखा फुल, फोन सतत वाजतोय आणि हातात पैसा नाही. हे कसं होतं ते कळायला मला स्वतःला ६ वर्षं लागली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची तेवढी वर्षं वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

आपल्या धंद्यात काम नंतर होतं, पैसा आधी येतो. तारीख पक्की झाली की ॲडव्हान्स जमा, लग्न अजून पाच-सहा महिने लांब. आणि नेमकी तेव्हाच एखादी लेन्स डोळ्यांसमोर नाचत असते. आम्ही तिघं होतो: मी, माझा धाकटा भाऊ आणि एक एडिटर. येणाऱ्या सीझनच्या ॲडव्हान्समधून आम्ही दुसरी कॅमेरा बॉडी घेतली, लेन्सही घेतली. सीझन संपला तेव्हा ९ पार्ट्यांचे, म्हणजे ग्राहकांचे, अल्बम छापायचे बाकी होते, एडिटरचा पगार द्यायचा होता आणि तो देण्यासाठी नवं बुकिंग घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकदा ही साखळी लागली की बुकिंग नाकारता येत नाही, कारण नाकारलं तर मागचं काम अडतं. आणि घेतलं, तर मागच्या कामाला वेळच उरत नाही.

त्या काळात एका रात्री मी एका नवरीचं चॅट वरपासून खालपर्यंत वाचलं. लग्नानंतर दहा दिवसांनी: ‘ताई, फोटो कधी बघायला मिळतील? खूप उत्सुकता आहे!’ पुढे चार हसरे चेहरे. दीड महिन्याने: ‘ताई, काही अपडेट?’ तिसऱ्या महिन्यात: ‘मॅडम, फोटो.’ तीन महिन्यांत ताईची मॅडम झाली होती. पाचव्या महिन्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह. त्यानंतर काहीच नाही. तिचे फोटो सुंदर आले होते. आमच्या हार्ड डिस्कमध्ये होते, निवडसुद्धा न झालेले.

तेव्हापासून ॲडव्हान्स आमच्याकडे वेगळ्या खात्यात जातो. ती पार्टीची ठेव असते. शूट झालं की त्यातला एक हिस्सा मुख्य खात्यात येतो, फोटो दिले की दुसरा, अल्बम हातात पडला की उरलेला. नवीन सामान घ्यायचं ते पूर्ण झालेल्या ऑर्डरच्या पैशांतूनच. तोवर लेन्स भाड्याने आणावी, त्यात कसलाही कमीपणा नाही.

दर ठरवतानाही हीच गल्लत होते. ‘एका दिवसाचं काम’ म्हणून आपण दर सांगतो. जरा हिशोब मांडा. दोघा फोटोग्राफरांचे मिळून ३,००० फोटो निघाले आणि प्रत्येकावर फक्त ५ सेकंद दिले, तरी नुसती निवड चार तासांची. त्यातले ६०० ठेवले आणि प्रत्येकावर सरासरी २ मिनिटं काम केलं, तर ते झाले २० तास. शिवाय अल्बमचं डिझाइन, करेक्शन, भेटीगाठी, फोन. दिवस एक वाटतो, जातो जवळपास आठवडा. दर आठवड्याचा लावा.

आता बॅलन्सबद्दल. ‘उरलेले पैसे अल्बम घेताना’ ही पद्धत कृपया सोडा. अल्बममध्ये कोणते फोटो घ्यायचे याचं सिलेक्शन पार्टीने करायचं असतं आणि लग्न झाल्यावर माणसं संसारात पडतात. सहा-सहा महिने सिलेक्शन येत नाही, त्यांच्या मनात खोट नसते, पण तुमचा पैसा अडकलेला असतो. मोठा हप्ता लग्नाच्या आधी घ्या, छोटा फोटो देताना. सिलेक्शन किती दिवसांत द्यायचं आणि करेक्शन किती वेळा करून मिळेल, हे बुकिंगच्या दिवशीच कागदावर असू द्या. तारीख पुढे गेली तर काय, तुम्हीच आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण, हेही लिहा. दोन पानं पुरतात. कागद पुढे केला की नातं बिघडेल असं आम्हाला वाटायचं; प्रत्यक्षात कागदावरचं काम बघून पार्टीला धीर येतो.

डेटा ही दुसरी ठेव. २०१८ मध्ये कॅनन ईओएस आर, निकॉन झेड ६ आणि झेड ७ हे कॅमेरे मेमरी कार्डसाठी एकच स्लॉट घेऊन आले, तेव्हा लग्नाचं काम करणाऱ्या फोटोग्राफरांनी मोठी ओरड केली आणि ती रास्तच होती: एकुलतं एक कार्ड बिघडलं तर फोटो गेले. २०२० च्या ईओएस आर ६ आणि झेड ६ टूमध्ये दोन स्लॉट आले. लग्नाला रीटेक नसतो, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहा. शिवाय पीटर क्रोघ या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. खर्च आधीच धरा. एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेला मूळ, प्रक्रिया न केलेला फोटो) ३० एमबीची धरली तर ३,००० फोटोंचे ९० जीबी, २० लग्नांचे १.८ टीबी आणि तीन प्रतींचे ५ टीबीच्या वर. हार्ड डिस्क ही प्रत्येक ऑर्डरच्या खर्चात बसली पाहिजे. आणि हो, निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घ्या. चार मिनिटांचा फरक असला तरी फोटो क्रमाने लावताना अख्खी रात्र जाते.

सध्या सीझनमध्ये असाल तर आज रात्री एक यादी करा. कोणत्या पार्टीचं काय द्यायचं बाकी आहे आणि ते पूर्ण करायला अजून किती खर्च येईल. बेरीज करा आणि खात्यातल्या शिल्लकेशेजारी ठेवा. बेरीज मोठी निघाली, तर नवं बुकिंग घेण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा आणि एक तारीख सांगा, उद्याची नको, पाळता येईल अशी. आम्ही ९ फोन केले होते. आठ जणांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या नवरीने मात्र फोन उचलला नाही, तिला मी तारीख लिहून पाठवली आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी फोटो दिले.