मोठे टायर आणि जुनाच क्राऊन-पिनियन : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

सातारा-कराड पट्ट्यातील फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणाऱ्या गाड्यांच्या मालकांमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवरून हातोहात पसरतो आहे. मोठे टायर बसवले की इंजिनाचे फेरे कमी होऊन डिझेल वाचते. घाटात ओढ कमी वाटली तर ‘फोर लो’ (चारही चाकांना संथ पण जोरकस ओढ देणारा गिअर) आहेच. आणि तरीही समाधान झाले नाही, तर फक्त मागच्या एक्सलचा क्राऊन-पिनियन (फेरे कमी करून ओढ चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) बदलावा, असा त्याचा आशय आहे. पहिले विधान अर्धवट आहे. शेवटचे मात्र गाडी मोडणारे आहे.

फेरे कमी होतात, हे खरे. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याजागी ३१ इंची टायर घातला तर तो ७८७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १२ टक्क्यांनी जास्त होतो. एक्सलचे गुणोत्तर ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे ४.१० फेरे होत असतील, तर ताशी ८० किलोमीटरला वन-टू-वन गिअरमध्ये (ज्यात गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे जसेच्या तसे पुढे देतो) मिनिटाला सुमारे २,४७० फेरे घेणारे इंजिन २,२१० वर येते. पण तो वेग राखायला लागणारी शक्ती कमी होत नाही. उलट टायर जड व रुंद झाल्याने ती वाढते, आणि पाचव्यात दम न धरणारी गाडी चौथ्यात आणावी लागली की वाचलेले फेरे तिथेच संपतात. शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरोखर ८९ ने धावत असते आणि ओडोमीटरवर किलोमीटर कमी पडतात, त्यामुळे हा फरक हिशेबात न धरता काढलेला अ‍ॅव्हरेज कोणत्याच बाजूचा पुरावा ठरत नाही.

‘फोर लो’ हा सैल जमिनीसाठी आहे. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरते लावायच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे ओढ नेणारे प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक निघून जायला वाट नसल्याने सगळा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. यवतेश्वरचा घाट काय किंवा पसरणीचा काय, रस्ता डांबरी आणि वळणावळणाचा आहे. तिथे टू-हायमध्येच, म्हणजे दोनच चाकांना ओढ देणाऱ्या नेहमीच्या गिअरमध्ये चढायचे असते, म्हणजे चाकापर्यंत पोचणारी ओढ साडेदहा टक्क्यांनी घटलेलीच राहते आणि वळणावर हाफ क्लचवर गाडी उचलताना क्लच प्लेट जळते.

मला चढापेक्षा उताराची काळजी अधिक वाटते, आणि त्या सल्ल्यात उताराचा उल्लेखच नाही. उतारावर इंजिन गाडीला जो अटकाव करते, तोही याच गुणोत्तरातून चाकापर्यंत येतो, म्हणून ओढीइतकाच तोही घटतो. त्याच वेळी ब्रेक जुनेच असतात आणि चाकाचा व्यास वाढल्यामुळे तेवढ्याच दाबाला त्यांचा रस्त्यावरचा जोर कमी पडतो. पाचगणीहून वाईकडे माणसे भरून उतरताना ही दोन्ही कारणे एकत्र येतात आणि ब्रेक तापतात. गुणोत्तर बदलल्याने यांतील पहिली उणीव भरून निघते, दुसरी निघत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता मागचाच क्राऊन-पिनियन बदलण्याविषयी. मागे ४.५६ आणि पुढे ४.१० ठेवून फोर-बाय-फोर लावले, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त वेगाने फिरू पाहतात, आणि तीही सरळ रस्त्यावर, सतत. चिखलात टायर घसरून हा फरक काही काळ सोसतील. घट्ट जमिनीवर एखादा जॉइंट, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस तुटेल. दोन्ही एक्सलचे गुणोत्तर एकच हवे, याला पर्याय नाही.

नव्या गुणोत्तराच्या निवडीचा हिशेब सोपा आहे : जुन्या गुणोत्तराला नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. वरच्या उदाहरणात उत्तर ४.५९ येते, म्हणून ४१ दातांचा क्राऊन आणि १० ऐवजी ९ दातांचा पिनियन, म्हणजे ४.५६, हा जवळचा जोड ठरतो. त्यावर इंजिन ८० ला पुन्हा सुमारे २,४६० फेऱ्यांवर येते. व्यास दोन-तीन टक्क्यांनीच वाढत असेल, तर हा खर्च करू नये. गाडीवर विंच (अडकलेली गाडी ओढणारी दोराची चरखी), लोखंडी बंपर आणि कॅरिअर असेल, तर हिशेबापेक्षा किंचित मोठा आकडा घ्यावा. मात्र पिनियनचे दात कमी होत गेले की तो लहान आणि कमजोर होत जातो, म्हणून फार पुढे जाऊ नये. आपल्या एक्सलच्या हाऊसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) बसणारा जोड दोन्ही एक्सलसाठी मिळतो की नाही, हे टायर घेण्याआधीच पाहावे. क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एका जोडातला क्राऊन आणि दुसऱ्यातला पिनियन चालत नाही. आणि डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून, दातांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासणाऱ्या मेकॅनिककडेच हे काम द्यावे.