‘हुबेहूब’ला हाकलण्याआधी

नागपुरात महाल भागातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मजकूर आता तिसऱ्यांदा आला: ‘हुबेहूब हा फारसी शब्द आहे. तोही मुळात हूबहू, मराठी माणूस चुकीचा बोलतो. तंतोतंतचा अर्थ तोच, म्हणून फक्त तंतोतंत वापरा. जरूर पुढे पाठवा.’

फारसी, हे अर्धंच खरं. ‘हू’ हे अरबी सर्वनाम, म्हणजे ‘तो’. मधला ‘ब’ फारसी. ‘रूबरू’ याच साच्यातला. त्यात ‘रू’ म्हणजे चेहरा. पण परका म्हणून शब्द काढायचा, तर मजकुरातले ‘फक्त’ आणि ‘जरूर’ दोन्ही अरबी. आधी ते काढा नं बाप्पा!

उच्चार चुकीचा? नागपुरात हिंदी थेट उंबऱ्यापर्यंत येते, म्हणून हा आरोप इथे लवकर पटतो. शेजारी हूबहू म्हणतात, आपण हुबेहूब. मराठीनं शेवटी आपला एक ‘ब’ लावून घेतला, एवढंच. ‘वक्त’चा ‘वखत’ केला तेव्हा कोण रागावलं होतं?

खरी गफलत ‘अर्थ तोच’ यात आहे. तंतोतंत म्हणजे तंतूला तंतू. घडण दारोदार, हातोहातसारखी. त्याचं काम जुळण्याचं: हिशेब तंतोतंत जुळतो, भाकीत तंतोतंत खरं ठरतं. हुबेहूबला डोळे किंवा कान लागतात: चित्र, नक्कल, आवाज. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत एखाद्या बडग्याचं, म्हणजे पुतळ्याचं, तोंड पुढाऱ्यासारखं हुबेहूब जमतं. ते ‘तंतोतंत जमलं’ असं त्या गर्दीत कुणाच्या तोंडी येणार नाही.

आईनं एकदा शिंप्याकडे जुना ब्लाउज नमुन्याला दिला आणि सांगितलं, ‘हुबेहूब असाच शिवा.’ जुन्याची डावी बाही उसवल्यावर आत दुमडून शिवलेली, म्हणून बोटभर आखूड. नव्याचीही डावी बाही बोटभर आखूड आली! आई चिडली, तर शिंपी शांतपणे म्हणाला, ‘काकू, हुबेहूब म्हणाल्या होत्या तुम्ही.’ बाकी माप तंतोतंत बसलं होतं, हे तिनं घरी येऊन कबूल केलं.

आणि ‘डिट्टो’? पोट्टं बापावर गेलं की आमच्याकडे सर्रास ‘डिट्टो बाप’ म्हणतात. तो तर इटालियन, अर्थ ‘आधी सांगितलेला’. वहीत तोच महिना पुन्हा लिहायला नको म्हणून वापरात आलेला. त्याच्याबद्दल मजकुरात एक ओळ नाही.