ती इमारत कुठली होती?

आज रात्री नऊच्या बातम्या लावल्या आणि दहा मिनिटांत टीव्ही बंद केला. पडद्यावर दोन चौकटी. एकीत इस्रायलमधले मृत, दुसरीत गाझातले, धावफलकासारखे शेजारी शेजारी. खाली सहा पाहुणे एकदम ओरडतायत आणि अँकर अभिमानाने सांगतोय, आम्ही दोन्ही बाजूंना समान वेळ देतो.

डोकं फिरलंय माझं. लांब लिहिणार आहे, वाचा.

आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं, लग्न होऊन ठाण्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. धाकटी लेक इस्रायलमध्ये अश्दोदला असते. ७ ऑक्टोबर २०२३ ला शनिवार होता. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, मावशी टीव्हीच्या बटणाला हात लावत नाहीत. पण गाझातल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलवर हल्ला केल्याची बातमी जिन्यात कुणीतरी सांगितली आणि त्या आमच्याकडे आल्या. "अगं, तुमचा चालू आहे ना? मी नुसती बसते."

लेकीचा फोन लागत नव्हता. मीच लावत होते, पुन्हा पुन्हा. आणि समोर एक उंच इमारत कोसळत होती. कोसळायची, धूर व्हायचा, परत उभी राहायची, परत कोसळायची. मागे ढोल वाजवल्यासारखं संगीत. खाली पट्टी: इस्रायलमध्ये इमारत जमीनदोस्त. मावशींनी सोफ्याची कड घट्ट धरली होती. मी त्या पडद्याचा फोटो काढून लेकीला पाठवला.

दीड तासाने तिचं उत्तर आलं. आम्ही शेल्टरमध्ये आहोत, ठीक आहोत. हा फोटो आमच्याकडचा नाही. गाझातला आहे, तोही जुना.

दीड तास! एका आईचा दीड तास त्या पट्टीने खाल्ला.

नंतर मी शोधलं. ती गाझा शहरातली अल-जला इमारत. १५ मे २०२१ ला इस्रायलने पाडली. एपी वृत्तसंस्थेचं आणि अल जझीरा वाहिनीचं ऑफिस तिथेच होतं. तासाभराची सूचना मिळाली म्हणून माणसं बाहेर पडू शकली. इस्रायल म्हणालं, आत हमास होती. एपी म्हणाली, आम्हाला तसं कधी दिसलं नाही. म्हणजे ज्या इमारतीतून जगाला गाझाच्या बातम्या जायच्या, तिचाच कोसळण्याचा व्हिडिओ आपल्या चॅनेलने उलट्या नावाने चालवला.

निःपक्षपातीपणा म्हणजे घड्याळ लावून मिनिटं वाटणं नव्हे हो! चित्र कुठलं, कधीचं, त्यात कोण आहे, कुणी केलं, एवढं खरं सांगा. चुकलात तर चुकलो म्हणा. मला एवढंच हवंय.

आता काही जण म्हणतील, तू हमासचं नाव हळू घेतेस. नाही घेत. ७ ऑक्टोबरच्या त्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओढून नेलं, त्यात म्हातारी माणसं होती, तान्ही बाळं होती. ते दाखवायलाच हवं होतं. आणि १७ ऑक्टोबरला गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला तेव्हा मोठमोठ्या वाहिन्यांनी काही मिनिटांत इस्रायलला दोषी धरलं, हेही मान्य. पुढे अमेरिकेसह काही देशांच्या गुप्तचर यंत्रणांनी भरकटलेल्या पॅलेस्टिनी रॉकेटकडे बोट दाखवलं. पण बीबीसीने आपल्या वार्ताहराचं चुकलं हे मान्य केलं. न्यूयॉर्क टाइम्सने २३ ऑक्टोबरला संपादकांचा खुलासा छापला. आपल्याकडे कुणी केलंय असं?

आपले वार्ताहर बुलेटप्रूफ जाकिटं घालून इस्रायलमध्ये उभे होते. गाझात एकही नाही. का नाही, हे किती वेळा सांगितलं? इस्रायल परदेशी पत्रकारांना गाझात मोकळेपणी जाऊच देत नाही, सैन्याबरोबर नेईल तेवढंच दिसतं. हे वाक्य प्रत्येक बातमीच्या आधी यायला हवं. आतलं जे काही दिसलं ते तिथल्याच पत्रकारांनी जिवावर उदार होऊन दाखवलं. अल जझीराचे गाझातले वार्ताहर वाएल अल-दहदूह काम करत असतानाच त्यांना कळलं की बायको, मुलगा, मुलगी, नातू गेले. ती तारीख २५ ऑक्टोबर २०२३. ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. तो माणूस आपल्या किती घरांत पोचला?

गाझाच्या आकड्याला 'हमासच्या ताब्यातील आरोग्य मंत्रालयानुसार' ही शेपटी लावता. लावा, हरकत नाही. मग इस्रायली सैन्याच्या निवेदनालाही 'सैन्याचा दावा' असं लावा. एकीकडची माणसं 'ठार केली' जातात आणि दुसरीकडची नुसतीच 'मरण पावतात', जणू साथ आली होती. अल जझीराची पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अक्लेह ११ मे २०२२ ला वेस्ट बँकमधल्या जेनीनमध्ये गोळी लागून गेली. आधी पॅलेस्टिनींचीच गोळी असेल असं सांगण्यात आलं. सप्टेंबरमध्ये इस्रायली सैन्यानेच कबूल केलं की आमच्या सैनिकाची असण्याची दाट शक्यता आहे. पहिली बातमी सगळ्यांना आठवते. दुसरी?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मावशी आठवल्या म्हणून असेल.

त्या शनिवारी लेकीचा आवाज ऐकल्यावर त्यांनी आधी डोळे पुसले. पाणी प्यायल्या. मग टीव्हीकडे बघितलं. इमारत अजून कोसळतच होती. मला म्हणाल्या, "गाझातली म्हणतेस ना? मग त्यातल्या माणसांचं काय झालं गं?" ज्यांची लेक त्या क्षणी रॉकेटांखाली होती त्या बाईला हा प्रश्न पडला. स्टुडिओतल्या एकालाही पडला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवस फेडला, मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं. एलियाहू हानाबीचं, त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेतलं. मला वाटीभर दिला. म्हणाल्या, "त्या इमारतीचं कळलं का काही?" तोवर मला कळलं होतं. माणसं वेळेत बाहेर पडली होती, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण घर गेलं ना." आणि गप्प बसल्या.

चॅनेलला मी तेव्हाच मेल केला होता. तारीख, पट्टीवरचे शब्द, पडद्याचा फोटो, इमारतीचं खरं नाव, सगळं. एका ओळीची दुरुस्ती दाखवा, एवढंच मागितलं होतं. उत्तर आलं नाही. त्यानंतर दोनदा लिहिलं.

आज टीव्ही बंद करून चौथ्यांदा लिहिलाय. तोच फोटो जोडलाय. उत्तर आलं तर भिंतीपलीकडे जाऊन मावशींना वाचून दाखवीन.