वजनाचं ऑपरेशन झालं की आवडीचं खाणं कायमचं बंद? अजिबात नाही

गेले काही दिवस ठाण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. वजन कमी करायचं ऑपरेशन केलं की जन्मभर सूप आणि पावडरवर राहायचं, तिखट खाल्लं की पोटाचे टाके तुटतात, गोड म्हणजे तर विषच, आणि आवडीचं खायला लागलात की सगळं वजन परत, मग पैसे कशाला घालवता. खाली जनहितार्थ पुढे पाठवा. हे वाचून आमच्या नात्यातल्या एका काकूंनी डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द केली, शुगर आहे, गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, तरी रद्द केली. म्हणून लिहितेय. माझं स्वतःचं स्लीव्ह झालंय, म्हणजे जठर कापून लहान केलंय, आणि नेरुळला राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंचं बायपास, हृदयाचं नव्हे, जठराचा छोटा पाउच करून तो थेट आतड्याला जोडतात ते, त्यामुळे दोन्ही घरात बघितलंय.

आधी ते सूप आणि पावडर. पातळ खाणं असतं, पण ते सुरुवातीचं. आधी पाणी, ताक, डाळीचं पाणी असं गाळलेलं, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत बहुतेक जण घरच्या नेहमीच्या जेवणावर येतात. हॉस्पिटलप्रमाणे आठवडे थोडे पुढेमागे होतात, तिथे आपल्या डायटिशियनचंच ऐकायचं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, त्यामुळे माप बदलतं ते कायमचं, पण पदार्थ बदलत नाहीत. माप म्हणजे किती, तर सुरुवातीला आमटीची छोटी वाटी पण संपत नाही. आणि भूकही आधीसारखी खवळत नाही, कारण भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन हे हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागातच तयार होतं.

आता तिखट आणि टाके. शिवणीतून गळती होण्याचा धोका खरा आहे, तो कोणी लपवत नाही, पण तो बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतला. तेव्हा ताप आला, छाती धडधडायला लागली, पोटात जोरात दुखलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, सरळ सर्जनना फोन. पण जखम भरून वर्ष झालेल्या माणसाचं पोट मिसळीने फाटत नाही हो! जळजळ होऊ शकते, स्लीव्हनंतर अ‍ॅसिडिटी बऱ्याच जणांना होते, ती झाली तर तिखट कमी करा, एवढंच. बायपासवाल्यांना जोडाजवळ अल्सर होतात त्याच्या मोठ्या कारणांत सिगरेट आणि मनाने घेतलेल्या पेनकिलर येतात, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

ठाण्याच्या मामलेदारची मिसळ मी आजही खाते. आधी चमच्याने मटकी, सावकाश, मग थोडासा रस्सा, फरसाण नावाला आणि पाव नाही. पाव का नाही, तर मऊ पाव चावून कणकेच्या गोळ्यासारखा होतो आणि अडकतो, मग तोंडाला पाणी सुटतं, छातीत दाटून येतं आणि उलटी होईपर्यंत सुटका नाही. म्हणजे वडापावमध्ये भीती मिरचीची नाहीच, पावाची आहे. कोरड्या चिकनचंही तसंच, त्यापेक्षा बोंबलाचं कालवण कितीतरी सोपं, बोंबील मुळातच मऊ. पहिल्यांदा कालवणात तांदळाची भाकरी कुस्करून खाल्ली तेव्हा चार-पाच घासांत नाक वाहायला लागलं. तिखटाने नाही, पोट भरलं की बऱ्याच जणांना असंच होतं, कोणाला उचकी येते कोणाला शिंका, तिथेच हात थांबवायचा, ताटात कितीही उरलं असलं तरी.

गोडाचं जरा नीट समजून घ्या. बायपासमध्ये खाणं छोट्या पाउचमधून पटकन आतड्यात उतरतं, साखर जास्त असली तर तिथे पाणी ओढलं जातं आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊन थरथर होते. जाऊबाईंना श्रीखंड चालत नाही पण गणपतीत जेवण झाल्यावर अर्धा उकडीचा मोदक चालतो, तो त्या दरवर्षी मजेत खातात. मला स्लीव्हमुळे असं काहीच होत नाही, आणि खरं सांगायचं तर जपायला मलाच जास्त लागतं, कारण आइस्क्रीम, मिल्कशेक कुठेही न अडकता खाली उतरतात.

वजन परत येतं का, तर हो, काही वर्षांनी थोडंफार अनेकांचं येतं. पण ते त्या अर्ध्या मोदकाने येत नाही. चहाबरोबर दोन बिस्किटं, मग मूठभर शेव, मग परत चहा, असं दिवसभर चरत राहिलं की छोट्या पोटातही ढीगभर कॅलरीज जातात. शिवाय सगळं बंद म्हणून घाबरवलेली माणसं चोरून खातात आणि चोरून खाल्लेलं डायटिशियनला सांगत नाहीत, मग ती बिचारी मदत तरी कशी करणार. आधी अंडं, डाळ, पनीर, मासे, दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, मग भाजी, मग जागा उरली तर भात. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, ते मात्र खरंच कायमचं आहे.

आणि शेवटचं, लग्नकार्यात जाणं बंद होतं म्हणे. का होईल? आम्ही पंगतीला बसतो, अर्धी वाटी मसालेभात, कोशिंबीर, जमलं तर पुरीचा एखादा तुकडा, आणि पोट छान भरतं. फक्त वाढणाऱ्यांनी पुरे म्हटलं की पुरे समजा, आग्रह करू नका, आणि जेवण झाल्या झाल्या पाण्याचा ग्लास पुढे करू नका, आमचं पाणी अर्ध्या तासाने.